हाड बापाचं, श्वास कोणाचा

फालुंग, वरचा डोल्पो
नववा महिना, दशमी

पुनीता,

तू फोन उचलत नाहीस ते योग्यच करतेस. इथून फोन लावायचा तर टेकडीवर चढून एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं, आणि त्या दगडाभोवती निम्मं गाव लोकर कातत बसलेलं असतं. माझं बोलणं सुरू झालं की सगळ्यांच्या चात्या थांबतात. म्हणून कागद. कागद न वाचता चुलीत घालता येतो, पण त्याआधी हातात घ्यावा लागतो. माझी आशा तेवढ्यावरच आहे.

पत्र झा मास्तर आणतील. तुझ्याच मुलखातले आहेत, जनकपूरला जाताना तुझ्या माहेरी टाकतील. बर्फ पडायच्या आत खाली पळायची त्यांची घाई बघून याकसुद्धा वाट सोडतात. सरकार त्यांना वर्षाचा पगार देतं, ते आम्हाला उन्हाळा देतात. हिवाळ्यात मुलं जे विसरतात ते उन्हाळ्यात पहिल्यापासून शिकवतात. त्यामुळे गावात बाराखडी सगळ्यांना पाठ आहे आणि पुढचं कोणालाच येत नाही. माझं नेपाळी त्यांच्या शाळेतलं नाही. तरुणपणी काठमांडूच्या मठात भांडी घासली. मंत्र तिथेच राहिले, भाषा बरोबर आली.

तुझा नवरा ठीक आहे. ठीक म्हणजे समोर ठेवलं तर जेवतो. तेन्फेल वरच्या कुरणात आहे. बाकीचे गुराखी जनावरं घेऊन खाली आले, हा तिथेच तंबूत राहिला. मी सातू आणि लोणी घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "दोन माद्या गाभण आहेत. हलवायला नकोत." गाभण माद्या दर वर्षी चालत खाली येतात आणि त्यांना कधी काही झालेलं नाही. पण मी बोलले नाही. माझ्या जिभेची कीर्ती तू ऐकली आहेस. त्या दिवशी तिने सुट्टी घेतली. आई गेली तेव्हा तो माझ्या पाठीवर होता. मग घरातली एक मुलगी, म्हणजे मी, डोकं भादरून आनी झाली, भिक्षुणी. अशाने घराला पुण्य लाभतं आणि बिनपगारी मोलकरीणही. आमच्या घराने दोन्ही घेतलं.

झऱ्याचं बोलणं अजून थांबलेलं नाही. गावाचं म्हणणं तेच: खालच्या सुनेने उगमाशी धुणं धुतलं, पाण्यातले नाग कोपले, तिच्या गोलूला घेऊन गेले. मी सांगून पाहिलं की पुनीताने धुतले ते गोलूचे ओकारीने भरलेले कपडे होते, म्हणजे पोर आधी आजारी पडलं आणि धुणं नंतर झालं. यावर शेजारची पाल्मो काकू म्हणाली, "आनी, नागांना आधी-नंतर नसतं." ही बाई मीठ मोजताना मात्र आधी कोणतं माप टाकलं ते वर्षभर लक्षात ठेवते.

तुझे सासरे, आमचे आपा, काही बोलत नाहीत. झऱ्याची गोष्ट त्यांनी सुरू केली नाही, पण थांबवलीही नाही. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस एखाद्या बोलण्यावर गप्प बसला की ते बोलणं पक्कं होतं, हे त्यांना कळतं.

मी तुझ्याकडे एकच मागते. तेन्फेलला एखादा निरोप पाठव. शिवी असली तरी चालेल. शिवी ऐकायला माणसाला मान वर करावी लागते.

तुझी नणंद,
यूदोन

---

फालुंग
तिसरा महिना, अष्टमी

पुनीता,

झा मास्तर काल पोचले. पोचल्या पोचल्या त्यांनी बिस्किटं वाटली आणि त्याबरोबर बातमीही वाटून टाकली: पुनीताला मुलगा झाला. मी त्यांच्या हातातला पुडा काढून घेतला, पण बातमी तोंडातून सुटली होती. तू आम्हाला कळवलं नाहीस. उन्हाळ्यात इथून गेलीस तेव्हा तुला तरी माहीत होतं का, कोण जाणे. मी आता बोटांवर हिशेब करत नाही. पाल्मो काकूने तो आधीच केला आहे आणि तिच्या मते सगळं जुळतं. तुझ्या नशिबाने.

आपा देवघरात होते. मी सांगितलं तेव्हा उठले, सगळे दिवे लावले, आणि म्हणाले, "हाड आलं."

"बरोबर आईही आली असेल," मी म्हटलं. "सहसा येते."

"डोकं भादरलं तेव्हा जीभ राहून गेली तुझी."

तुला लग्नाच्या दिवशी हे सगळं ऐकवलं होतं, तू नुसती मान हलवत होतीस: हाड बापाकडून येतं, मांस आईकडून. मांस झडतं, हाड राहतं. घर हाडाचं. आपांना एकच मुलगा, त्याला एकच मुलगा होता. म्हणून हे बाळ त्यांना वर हवं आहे. पीक कापायच्या आत आणायचं, कुळाच्या देवाला दाखवायचं, नाव ठेवायचं आणि इथेच वाढवायचं. तुला यायचं तर ये, नको तर नको. हे मी तुला अशासाठी लिहिते की दुसरं कोणी लिहिणार नाही आणि मास्तर बिस्किटांबरोबर सांगतील ते अर्धवट असेल.

मी आपांशी बोलले. बोलणं जसंच्या तसं देते. तुझ्याशी कधी ते धड बोलले नाहीत. निदान माझ्याशी कसे बोलतात ते तरी बघ.

मी म्हटलं, "आपा, खालच्या गायीला याक लावला की झो होतो. त्या झोला पहिल्या उन्हाळ्यात खिंडीपलीकडे नेता का?"

"नेत नाही."

"का?"

"आई खालची. छाती तयार नसते. दोन-तीन मुक्काम करत, महिना महिना थांबत न्यावं लागतं. हे काय, तुला माहीत नाही?"

"याकची मादी विकत घेताना तुम्ही तिच्या आईची छातीसुद्धा बघायला जाता."

"बघतो. श्वास आईकडूनही येतो."

"मग गोलूची आई खालची होती, आपा."

ते बराच वेळ दिव्याची वात सारखी करत राहिले. मग म्हणाले, "ते जनावर. जनावराला हाड नसतं."

"मग दारातला कुत्रा इतकी वर्षं काय चघळतो?"

त्यांनी मला बाहेर घालवलं. तसं मी रोजच बाहेर जाते, गोवऱ्या थापायला.

तू आलीस तेव्हाचं मला दिसत राहतं. औषधी यार्सा बुरशी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या हेलिकॉप्टरमधून तुम्ही तिघं तासाभरात वर आलात. तेन्फेल आमचाच, उतरला आणि धावत सुटला. तू उतरलीस ती डोकं धरूनच. तुला लसणाचा रस्सा, दोन कांबळी, उठायचं नाही, बोलायचं नाही. खालच्या माणसाचं कसं करायचं ते आम्हाला पाठ आहे; किती गिर्यारोहकांना आम्ही असं जिवंत परत पाठवलं. आणि गोलू? तो आमचं हाड. त्याला दुसऱ्या दिवशी आपांच्या पुढ्यात घोड्यावर बसवून थेट कुरणात. तू अंथरुणातून म्हणालीस, "त्यालाही इथेच झोपू दे ना." आणि तुझ्या नवऱ्याने हसत सांगितलं, "अगं, याचं रक्त इथलं आहे."

तेन्फेलला बाळाचं सांगायला मी कुरणात गेले. तो दूध काढत होता. हात थांबले नाहीत. म्हणाला, "आपा म्हणतील तसं." मी त्याला त्या दुधाच्या बादलीसकट ढकलून देणार होते.

बाळाला आणू नकोस. एवढंच लिहायचं होतं.

यूदोन

---

फालुंग
चौथा महिना, पौर्णिमेनंतर

पुनीता,

तुझं उत्तर नाही, मीही वाट बघत नाही. पण या महिन्यात जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

काठमांडूहून एक डॉक्टरीण बाई आणि एक गोरा म्हातारा आले होते, आमचं रक्त घ्यायला. नेपाळी समजणारी बाई हवी म्हणून मला बरोबर घेतलं. बोटाला चिमटा लावायचा, थेंबभर रक्त काढायचं, आणि चाळिशीच्या पुढच्या बायकांना विचारायचं, बाळंतपणं किती झाली. इतक्या विरळ हवेत आमच्या बायकांची मुलं पोटात नीट वाढतात, खालच्या बायकांची इथे वाढत नाहीत, ते कसं, हा त्यांचा अभ्यास. गावाला एकदम तोरा आला. पाल्मो काकू तर छाती पुढे काढूनच चालायला लागली, जशी काही हवा तिनेच विरळ केली आहे.

म्हाताऱ्या डिकीच्या घरी गेलो. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आजी, मुलं किती?"

"झालेली की जगलेली?"

"दोन्ही सांगा."

"मग चहा ठेवते," डिकी म्हणाली.

ती सांगत गेली. प्रत्येकाचं नाव होतं तिच्याकडे. जी नाव ठेवायच्या आत गेली त्यांना तिने नंतर आपल्या मनाने नावं ठेवली होती, आणि ती तिने पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली, माझ्यामार्फत, एका परक्या बाईला. डॉक्टरीण बाईंनी मध्येच लिहिणं थांबवलं. गोरा विचारत होता, ही काय म्हणते. मी म्हटलं, मोजते आहे. मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्हाला?" मी टोपी काढून डोकं दाखवलं. त्यांनी शून्य लिहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू आलं. तेन्फेलला पाठीवर बांधून मी खिंड चढत होते तेव्हा या बाई शाळेत असतील.

संध्याकाळी आमच्या घरी बसले. आपांनी विचारलं, "काय सापडलं?" मी दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होते.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, खालची माणसं वर आली की त्यांचं रक्त घट्ट होत जातं, खिरीसारखं, आणि त्याने ती आजारी पडतात. तुमचं होत नाही. आपा खूश. "हाडातच आहे," म्हणाले.

मग त्या म्हणाल्या, हा गुण तुम्हाला फार जुन्या काळी दुसऱ्या एका जातीच्या माणसांकडून मिळाला. ती माणसं आता जगात उरली नाहीत. तुमच्या पूर्वजांनी त्यांच्याशी संसार केला, त्यातून तो तुमच्यात आला. दारातल्या कुत्र्याचंही तसंच. त्याच्या जातीला उंचावरचा दम लांडग्याकडून मिळाला.

"कुत्र्याचं पटतं," आपा म्हणाले. "माझी आजी सांगायची, आमच्या कुत्रीला लांडगा लागला होता."

"आणि माणसाचं?" मी विचारलं.

आपांनी चहा प्यायला. मी डॉक्टरीण बाईंना विचारलं, ती जी परकी माणसं होती, त्यातली बाई आपल्या घरात आली की आपली बाई तिकडे गेली? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. सून म्हणून आली असेल तर ती कुठल्या कुळाची होती, तिला झऱ्यावर धुणं धुऊ देत होते का, हेही त्यांना सांगता आलं नाही. मी विचारलं होतं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

शेवटी मी तुझ्यासाठी विचारलं. नाव घेतलं नाही. म्हटलं, बाप इथला, आई अगदी खालची, मूल खाली जन्मलेलं. त्याला इथे आणलं तर?

त्या म्हणाल्या, मूल आईकडून अर्धं घेतं आणि बापाकडून अर्धं. कोणतं अर्धं घेतलं ते बघून कळत नाही. एखाद्याला काही होणार नाही, एखाद्याच्या छातीत पाणी होईल. एकदम वर आणायचं नाही. आणलंच आणि खोकला लागला, श्वास वाजायला लागला, तर वाट न बघता खाली न्यायचं. खाली नेलं की बहुतेक मुलं बरी होतात.

हे मी आपांना शब्दाला शब्द सांगितलं. माझी जीभ मी कधी इतकी सरळ चालवली नव्हती.

त्यांनी विचारलं, "बहुतेक म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे गोलूही."

ते उठून कुत्र्याला भाकरी घालायला गेले. त्याला घालून झाली होती.

यूदोन

---

फालुंग
पाचवा महिना, तृतीया

पुनीता,

मास्तरांच्या फोनवर तुझा निरोप आला. त्यांनी तो शाळेच्या अंगणात उभं राहून मोठ्याने सांगितला, त्यामुळे तो आता गावाचाही आहे: "दुनैपर्यंत मी बाळाला घेऊन येईन. त्याच्या वर एक पाऊल नाही. ज्याला बघायचं त्याने खाली उतरावं."

तुझ्याकडून इतके शब्द वर्षभरात पहिल्यांदा आले. मी ते देवापुढे बसून पुन्हा पुन्हा म्हटले, मंत्रांपेक्षा लक्ष लागलं.

आपांच्या वयाचं कोणी दुनैला, खालच्या बाजारगावाला, उतरत नाही. खालची हवा जाड, माशा फार, तिथे गेलं की म्हाताऱ्यांना ताप येतो अशी इथली समजूत. पाल्मो काकूने घरी येऊन अडवून पाहिलं. "सुनेच्या बोलावण्यावर सासरा डोंगर उतरतो, असं कधी ऐकलं नाही."

आपा म्हणाले, "आता ऐकलंस ना. जा, सगळ्यांना सांग." मला वाटलं माझी जीभ कुठून आली ते आज कळलं.

सहाव्या महिन्यात निघतो. आपा, तेन्फेल, मी आणि दोन घोडे. आपा म्हणतात, फक्त बघून यायचं. मी त्यांना विचारलं, "फक्त बघून?" ते म्हणाले, "फक्त बघून." दोनदा विचारलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. तू ये. दुनैत थंडी नसते, पण खोऱ्यातला वारा दुपारी वाईट सुटतो. बाळाचे कान झाक.

यूदोन

---

फालुंग
सातवा महिना, चतुर्दशी

पुनीता,

आम्ही दोघं पोचलो. तेन्फेल तुझ्याकडे आहे, त्यामुळे त्याची खुशाली आता तू मला कळवायची. तो जेवतो का, हे विचारत नाही. तुझ्या समोर त्याने दोन वेळा भात मागून घेतला, ते मी बघितलं.

दुनैत जे झालं ते तुझ्यासमोर झालं, पण आमच्या बोलीत झालं. तुला कळलं नाही आणि त्या वेळी मी तुला सांगू शकले नाही. म्हणून हे पत्र.

तिसऱ्या मुक्कामाला मी घोड्यावरचं घोंगडं सोडलं तेव्हा खाली टोपली निघाली. वेताची, पाठीला बांधायची, आत कोकराचं कातडं शिवलेलं.

मी विचारलं, "आपा, ही कशाला?"

"मीठ आणायला."

"मीठ आपण वरून खाली नेतो. खालून वर आणायला कधीपासून लागलो?"

"मग धान्य."

"धान्याला थंडी वाजते का, कातडं घालायला?"

तेन्फेल चूल पेटवत होता, त्याने मान वर केली नाही. त्याला ठाऊक होतं. टोपली त्यानेच विणली होती, त्या तंबूत, सबंध वसंत. मला त्याचा राग आला आणि मग त्या विणीकडे बघून राहिला नाही. इतकी सारखी वीण त्याने जन्मात विणली नव्हती. मी ठरवलं की दुनैला पोचल्यावर तुला पहिलं वाक्य हेच सांगायचं. उठ, आणि बाळाला घेऊन पहिल्या गाडीने जा.

पण तू धर्मशाळेच्या दारात उभी होतीस आणि आपांनी घोड्यावरून उतरून सरळ तुझ्यापुढे हात केले. तू बाळ दिलंस. विश्वासाने दिलंस की न देऊन चालणार नव्हतं म्हणून, ते तू जाणे. मी तुझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिले, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

बाळ झोपलेलं होतं. आपांनी त्याच्या छातीला कान लावला. ते तुला विचित्र वाटलं असेल. वासरू घेताना ते असंच करतात. फार वेळ तसेच राहिले. मग मला म्हणाले, "तिला विचार, हा नेहमी असाच झोपतो का?"

मी विचारलं. तू म्हणालीस, "असाच. गोलूही असाच झोपायचा. तिकडे येईपर्यंत."

मी सांगितलं त्यांना, त्यातला एकही शब्द न गाळता. तेव्हा ते जे म्हणाले आणि बाळ परत देऊन बाहेर गेले, ते हे होतं: "टोपली नदीत टाक."

मी टाकली नाही. पुलावर बसलेल्या एका बाईला देऊन आले, तिच्या पाठीवर मूल होतं आणि झोळी फाटलेली होती. पण घोडा रिकामाच परत आला.

परतीच्या वाटेवर पहिले दिवस ते बोलले नाहीत. खिंडीच्या खाली दुपारी घोडे सोडले, मी चहा केला. त्यांनी वाटी हातात धरली आणि माझ्याकडे बघायचं सोडून डोंगराकडे बघत सांगितलं.

"तो आवाज मी ओळखला होता."

"कोणता, आपा?"

"पोराच्या छातीतला. कुरणातून येताना माझ्या पुढ्यात बसला होता. पाठ माझ्या पोटाला टेकलेली. आत पाणी वाजत होतं. खालच्या गाईच्या वासरांच्या छातीत वाजतं तसंच."

मी चुलीत गोवरी सारली.

"वासरू असतं तर घोडा तिथूनच वळवला असता. घरी न जाता. मला विचारही करावा लागला नसता."

"मग का नाही वळवला?"

"मनात म्हटलं, हे कसं वाजेल? हे तर माझं आहे."

चहा निवला. त्यांनी तो ओतून टाकला आणि वाटी पुसून मला दिली. मग म्हणाले, "ती निघाली होती. त्याला पाठीला बांधून. गावाबाहेरच्या स्तूपापर्यंत पोचली होती. तिला काय माहीत होतं? तिला झो माहीत नाही, वासरू माहीत नाही. नुसतं बघून निघाली. आणि मी हाक मारली. म्हटलं, आमचं हाड घेऊन कुठे चाललीस. तेन्फेलने तिला परत आणलं कारण हाक माझी होती."

ती हाक मीही ऐकली होती, पुनीता, सगळ्या गावाने ऐकली होती. तू परत फिरलीस तेव्हा गावाला वाटलं, सून शहाणी आहे.

हे तुला सांग असं ते म्हणाले नाहीत. सांगू नको असंही म्हणाले नाहीत. मी त्यांना विचारत बसले नाही.

गावात पोचलो त्या दिवशी झऱ्यावर बायका होत्या. पाल्मो काकूने विचारलं, "हाड कुठे?" आपा घोड्यावरून उतरले, काठीवर रेलून उभे राहिले आणि म्हणाले, "पोर आधी आजारी पडलं. धुणं नंतर झालं. झऱ्याचं नाव पुन्हा कोणी घ्यायचं नाही." पाल्मो काकूने कळशी उचलली. मला वाटलं होतं हे ऐकून माझं समाधान होईल. तसं काही झालं नाही. वर्षापूर्वी म्हणाले असते तर तू निदान रडायला तरी इथे असतीस.

आता ते फार उठत नाहीत. ताप वगैरे नाही, खालची हवा बाधली असं गाव म्हणतं. सकाळी गोठ्यापर्यंत जातात, वासरांजवळ बसतात. या वर्षी तीन झो झाले. त्यांना त्यांनी खिंडीपलीकडे पाठवू दिलं नाही, तीन वर्षांचे होईपर्यंत पाठवायचं नाही म्हणतात. गुराखी हसतात, दुसरा उन्हाळा पुरे असतो. मी हसत नाही.

तेन्फेलला वर पाठवू नकोस, आपांसाठीसुद्धा नाही. त्यांचं जे व्हायचं ते मी करीन, गावात लामा आहेत, डोंगरावर गिधाडं आहेत, माणसाला शेवटी लागतं ते सगळं इथे आहे. मुलाने खांदा दिला नाही तर हाडाला राग येतो असं म्हणतात. येऊ दे.

आणि बाळ. त्याला आमचं नाव ठेवलं नाहीस तरी चालेल. मोठा होऊन कधी विचारेल की बाप कुठला, तेव्हा सांग. बघायचं म्हणाला तर येऊ दे, पण पायी. दुनैत राहू दे, मग पुढच्या गावात, मग त्याच्या पुढच्या. जिथे डोकं दुखेल तिथे बसू दे, आणि छातीत काही वाजलं तर कोणत्याही खिंडीतून, अगदी आमचं घर दिसायला लागलं असलं तरी, तिथूनच त्याला परत फिरू दे. कोणी त्याला हाक मारणार नाही.

यूदोन